रिकाम्या फळ्यांचे दिवस: तुमच्याकडे काय झालं?

परवा माळा साफ करताना आईचा पत्र्याचा डबा हाताला लागला. झाकणावर खिळ्यानं कोरलंय, ‘मसूर, पावसाळा’. आई मिरगाच्या आधी असे सात डबे भरून ठेवायची. मी आठवड्याचं सामान आणते, तेही संपलं की. हे किती अंगाशी येतं ते ऑगस्ट २०१९ च्या पुरात कळलं.

आम्ही बेळगावात, वडगावला. आमच्या घरात पाणी आलं नव्हतं. पण निपाणीच्या पुढं यमगर्णीला वेदगंगेचं पाणी हायवेवर, त्याच्याही पुढं कोल्हापूरच्या शिरोलीजवळ पंचगंगेचं. पुणे-बंगळूर रस्ता कित्येक दिवस बंद. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले तर कांदा संपलेला, बिस्किटांचा रॅक मोकळा, धाकट्याची दूध पावडर नाही. दुकानदारकाका म्हणाले, “ताई, माल हाय, रस्ता नाही.” घर कोरडं असून फळी रिकामी होऊ शकते, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

पेपरात पाणी किती फूट चढलं ते येतं. त्या दिवशी घरात काय शिजलं ते कुठंच येत नाही. पूर, लॉकडाऊन, रेशनची रांग, काहीही असो, आपल्या सीमाभागातल्यांनी इथं लिहा. लहान-मोठं बघू नका.

सौंदलगा

ताई, तुमचा कांदा आमच्या दारात अडकला होता बघा! आमच्या एका अंगाला वेदगंगा, दुसऱ्या अंगाला दूधगंगा. मध्ये ट्रकांची रांग. ड्रायव्हर लोक कुठले कुठले, राजस्थानचे, तमिळनाडूचे. दोन दिवस थांबले आणि त्यांच्याजवळचा शिधा संपला. गावातल्या बायकांनी भाकरी थापायला घेतल्या. माझी चुलती एकटी दिवसाला शंभरावर थापायची, तळहात लाल झालेले. तिला कुणी सांगितलं नव्हतं. एका ट्रकात टोमॅटो होते, ते नासायला लागल्यावर ड्रायव्हरनं क्रेट उतरवले आणि म्हणाला, घेऊन जा. चार दिवस गावभर टोमॅटोचं सार.

अजून एक सांगतो. डेअरीची गाडी येईना, म्हणून आमच्या घरचं दूध घरातच. दोन म्हशी आणि एक गाय, सकाळ-संध्याकाळ मिळून अठरा लिटर. खवा आटवला, तूप कढवलं, शेवटी वासरांना पाजलं. तेव्हाच निपाणीतला माझा मेहुणा फोनवर सांगत होता, पोराला दूध मिळत नाही. मधलं अंतर सात-आठ किलोमीटर. जुलै २०२१ ला पुन्हा तेच झालं, पण त्या वेळी आम्ही आधीच मेहुण्याच्या घरी तुपाची बरणी आणि खवा पोचवला होता.

कारदगा

आम्हाला २०१९ ची गरज नाही. कारदगा-भोज बंधाऱ्यावरचा रस्ता दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो. जत्राट-भिवशीचं तेच, कल्लोळ-यडूरचं तेच. पाणी चढायला लागलं की दुकानदार स्वतः आवाज देतो, “काकी, पीठ-मीठ बघून घ्या.” लांबचा वळसा घालून गाडी येते, पण तेल-साखरेवर भाडं चढतं ते चढतंच.

कणकुंबी (आता बेळगावात)

वरचा मसूरचा डबा वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्याकडे ह्याला बेगमी म्हणतात. मलप्रभा उगम पावते ते आमचं गाव, पाऊस इतका की चार महिने सूर्य मोजून दिसायचा. आमच्या आतल्या बाजूला, आमगाव-गवाळीसारख्या जंगलातल्या गावांना तर अजून पावसाळ्यात धड रस्ता नाही.

मे महिन्यात बाबा जांबोटीच्या बाजारातून सामान आणायचे. तांदूळ घरचा. विकत घ्यायचं ते खडे मीठ, मिरची, तूरडाळ, गूळ, रॉकेल, चहापूड. सुके बांगडे गोव्याकडून यायचे, ते चुलीवरच्या माळ्यावर टांगायचे. मीठ मडक्यात घालून मडकं चुलीच्या उबेला, नाहीतर त्याचं पाणी होतं. काडेपेट्या तांदळाच्या पिंपात पुरून ठेवायच्या. आजी रोज संध्याकाळी पिंपात हात घालून काडेपेट्या मोजायची, तांदूळ नाही. तांदूळ उसना मिळतो, म्हणायची, पण सगळ्यांच्याच काड्या एकाच वेळी सर्दावतात.

एका श्रावणात आमच्या काड्या खरोखरच सर्दावल्या. तीन घरं सोडून एका चुलीत निखारा होता. आई नारळाच्या करवंटीत राख घालून, वरून सागाचं पान झाकून निखारा घेऊन आली. मी दारात उभी होते. पानाखालून धूर येतोय की नाही, एवढंच बघत होते.

अथणी

वय ६८. आमचा भाग पुराचाही आणि दुष्काळाचाही. १९७२ ला मी शाळेत. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची, परदेशातून जहाजानं आलेली. भाकरी थापली की कडेनं फुटायची. आईनं त्यात डाळीचं कळणं मिसळून, गरम पाण्यात मळून कशीबशी वळली. जेवण नको म्हणून मी ताट सरकवलं तर वडील काहीच बोलले नाहीत, माझ्या ताटातली भाकरी उचलून खाऊ लागले. मी अजून ताटात घास टाकत नाही.

किराणा दुकान, बेळगाव तालुका

दुकानाच्या आतल्या बाजूनं लिहितो.

२४ मार्च २०२०. रात्री आठला भाषण, साडेआठला माझ्या दारात पन्नास माणसं. एकानं पंचवीस किलो डाळ मागितली. चांगलं गिऱ्हाईक, रोख पैसे हातात. मी नाही म्हणालो. घरटी दोन किलो डाळ, एक लिटर तेल, असं तिथंच ठरवलं. तो माणूस आजही माझ्या दुकानात येत नाही. मला त्याचं वाईट वाटतं, पण त्या रात्री त्याच्या मागं उभ्या असलेल्या आजीला पाव किलो सुद्धा मिळाली नसती.

पुढचे दिवस सकाळी थोडा वेळ दुकान. रविवार पेठेत माल होता पण हमाल नव्हते, पोती मी आणि माझ्या पोरानं उचलली. साखर एकदाही तुटली नाही, कारखाने आपल्या जिल्ह्यातच. तुटलं ते बिस्किट, साबण, नूडल्स, खोबरेल, म्हणजे लांबच्या कंपनीतून येणारं सगळं. आणि शेतात कोबी सडत होता! बेळगावची भाजी गोव्याला जाते, ती वाट बंद. आमच्या गावच्या शेतकऱ्यानं ट्रॉलीभर कोबी माझ्या दुकानासमोर आणून लावला, म्हणाला, “वाट गा, पैसे नकोत.” मागं बिस्किटाची फळी मोकळी, पुढं कोबीचा ढीग.

२०२२ ला युक्रेनचं युद्ध लागलं तेव्हा सनफ्लॉवर तेल मागितलं तेवढं येईना. त्या वेळी भीती कमी होती. लोक शेंगतेलाकडं वळले, तेही महागच.

उधारीची २०२० ची वही जपून ठेवलीय. त्यातल्या बहुतेकांनी फेडले. तीन नावांपुढं मीच रेघ मारली, ती माणसं राहिली नाहीत.

खासबाग

आमचे माग बंद पडले तेव्हा दुकान भरलेलं होतं, पण हातात पैसे नव्हते. तो पण तुटवडाच की. २०२३ च्या जुलैपासून रेशनवरच्या जादा पाच किलो तांदळाऐवजी माणशी १७० रुपये खात्यात यायला लागले, किलोला ३४ च्या हिशोबानं. आमच्या दुकानात त्या भावाला खाण्याजोगा तांदूळ नव्हता. आमची पाच माणसं. २०२५ ला पुन्हा तांदूळ सुरू झाला तेव्हा सासूबाईंनी पिशवी आधी देवापुढं ठेवली.

बाची

आमचं घर कर्नाटकात, माझी बहीण शिनोळीत, म्हणजे महाराष्ट्रात. चालत गेलं तरी चहा गार होत नाही एवढं जवळ. २०२० ला मधल्या रस्त्यावर मातीचा ढीग टाकला, डोक्याएवढा. तिच्या सासऱ्यांची बीपीची गोळी बेळगावातून यायची, आणि तिचं सामानही इथूनच.

दर दोन दिवसांनी सकाळी सहाला आम्ही दोघी ढिगाच्या दोन बाजूंना. मी गोळ्या, तेलाची पिशवी, चहापूड एका गोणपाटात बांधून वरून सरकवायची. ती तिकडून रताळी द्यायची, घरची. तोंडाला पदर, बोलायचं लांबूनच. एकदा गोणपाट सुटलं आणि चहापूड मातीत सांडली. ती तिकडून वर चढली, मी इकडून, आणि दोघी वरच बसून चिमटी-चिमटीनं चहा वेचायला लागलो. पहाऱ्यावरचा पोलीस आला. आम्ही उठलो. तो म्हणाला, “बसा आक्का, वेचून घ्या,” आणि पाठ करून उभा राहिला.