वायुवीजन, खेळती हवा की आरपार वारा?

नकाशेवाला: पुनर्विकासाचं माहितीपत्रक मराठीत करायचं आहे. 'क्रॉस व्हेंटिलेशन'ला 'वायुविजन' चालेल? कमिटीत म्हणतात, हा शब्द आयसीयूतला वाटतो.

दीर्घवेलांटी: आधी वेलांटी दीर्घ करा. वीजन म्हणजे वारा घालणं. 'विजन' म्हणजे निर्जन, रिडेव्हलपमेंटला निघालेल्या चाळीसारखं!

गॅलरीवाला: 'खेळती हवा' असताना संस्कृत कशाला उकरायचं?

दोन_खिडक्या: कारण एकाच खिडकीतूनही हवा खेळते, पण फार आत जात नाही. छताच्या उंचीच्या जेमतेम दुप्पट. पावणेतीन मीटर उंचीला साडेपाच मीटर, बस. समोरच्या भिंतीतही उघडी जागा असेल, तर तोच वारा पाचपटीपर्यंत पोचतो. 'आरपार' हाच शब्द हवा. पत्रकात हेही घाला: वारा बाहेर पडायची वाट आत शिरायच्या वाटेइतकी तरी मोठी हवी, आणि मधलं दार लावलं की आरपार संपलं, म्हणून दारावर उघडती झडप हवी. शिवाय सरकत्या खिडकीची फसवाफसवी! दमट हवामानाला फरशीच्या १/६ उघडी जागा धरतात. १२० चौरस फुटांच्या खोलीला २० चौरस फूट. नकाशात ४ बाय ५ची खिडकी दाखवली की हिशेब जुळला. पण दोन पल्ल्यांची सरकती खिडकी उघडते निम्मीच. उरले १०. पल्ले बाहेर उघडणारे मागा, वर छज्जा मागा, नाहीतर पावसाळाभर तेही बंद.

दीर्घवेलांटी: झडप म्हणजे दाराचाच पल्ला. दारावरची ती वेगळी.

गॅलरीवाला: तिला मुंबईत सगळे 'व्हेंटिलेटर' म्हणतात. मग आयसीयू कसा टाळणार? आणि चाळीत वारा आरपारच असतो.

दोन_खिडक्या: सगळ्या चाळींत कुठला? मुंबईतल्या बीडीडी चाळींत मधोमध बोळ, दोन्हीकडे खोल्या. आपलं आणि समोरच्यांचं, दोन्ही दारं उघडी असली तर वारा.

नकाशेवाला: डक्टकडची, म्हणजे बाथरूमशेजारच्या उभ्या पोकळीत उघडणारी खिडकी आरपारमध्ये धरायची ना?

दोन_खिडक्या: अजिबात नको. सगळ्या मजल्यांचे एक्झॉस्ट पंखे बाथरूमची दमट हवा तिथेच सोडतात. तुम्ही स्वयंपाकघरातली चिमणी लावलीत की तीच हवा घरात ओढली जाते.

दीर्घवेलांटी: डक्टला 'वातकूप' म्हणा.

गॅलरीवाला: कूप म्हणजे विहीर. लोक टँकरचं बिल विचारतील. 'हवाबोळ' बरा.

दीर्घवेलांटी: बोळ आडवा असतो हो. उभं ते धुराडं.

नकाशेवाला: 'बाथरूमची खिडकी धुराड्यात उघडते' असं छापलं तर एकही सभासद सही करणार नाही.