चित्रं दाखवायची हिंमत होत नाही, किंमत सांगताना जीभ अडखळते

पळसफूल (आर्वी तालुका)
नमस्कार. कॅनव्हासवर ॲक्रेलिक आणि कागदावर जलरंग असं काम आहे. विषय इथलेच: कपाशीचं वावर, वखर, बैलजोडी, मातीची घरं. १२ × १६ इंचाची २० चित्रं तयार आहेत, पण कोणी घरी आलं की ती भिंतीकडे तोंड करून ठेवते. किंमत विचारली की 'द्या काय द्यायचं ते' एवढंच तोंडातून निघतं. दिवाळीनंतर तालुक्याच्या वाचनालयाचा हॉल दोन दिवस मिळेल. किंमत कशी ठरवायची? तयारी काय लागते? आणि लोकांसमोर उभं कसं राहायचं?

तुराटी
ताई, आधी किंमत. आकडा कागदावर नसला की तो तोंडातून निघत नाही, अर्धी भीती तिथलीच.

एका चित्राचा हिशेब लिहून काढा. कॅनव्हास आणि रंग २८०, फ्रेम ४५०, ९ तासांचं काम तासाला १०० ने ९००. झाले १६३०. तासाचा दर गावातल्या मजुरीपेक्षा कमी धरायचा नाही, कलेच्या नावाखाली तर मुळीच नाही.

पुढे नागपूरच्या एखाद्या दुकानात किंवा गॅलरीत चित्र ठेवलं आणि त्यांनी ३० टक्के कमिशन कापलं तर? बरेच जण १६३० वर ३० टक्के चढवून २११९ लावतात. पण कमिशन विक्रीच्या किमतीवर लागतं, ते ६३६ होतं आणि हाती १४८३ उरतात. म्हणजे मजुरीतले १४७ खिशातून गेले. १६३० ला ०.७ ने भागा, २३२९ येतील. २४०० लावा. हीच किंमत घरी, हॉलमध्ये, व्हॉट्सॲपवर. घरी १५०० ला दिलेलं चित्र दुकानात २४०० ला दिसलं की दोन्हीकडची पत जाते.

आकडा सांगायचा सराव मोठ्यानं करा. 'चोवीसशे.' आणि गप्प. 'तसे चोवीसशे, पण फ्रेम महाग आहे, अन् तुम्ही घरचेच...' इथून पुढे घसरण असते. समोरचा पाच सेकंद गप्प राहिला तर तो विचार करतो आहे, नकार देत नाही. ती पाच सेकंद भरून काढायला आपण स्वतःच भाव पाडतो.

आणि चित्रं उलटी ठेवणं आजपासून बंद. तीन चित्रं बैठकीत लावा, कडेला लहान चिठ्ठी: नाव, माध्यम, मापं (आधी उंची, मग रुंदी), साल, किंमत. चिठ्ठी असली की तुम्हाला बोलावंच लागत नाही. महिनाभर आल्यागेल्यानं ती वाचली की हॉलमधला दिवस नवा वाटणार नाही.

निंबसावली
किंमत ठीक, पण माल खराब झाला तर काय विकणार? आपल्या भागात ॲक्रेलिकचा खरा वैरी ऊन आहे. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दोन कॅनव्हास तोंडाला तोंड लावून ठेवले तर रंग मऊ होऊन एकमेकांना चिकटतो आणि सोडवताना पापुद्रा निघतो. वर्तमानपत्र मध्ये घालू नका, शाई उतरते. बटर पेपर घाला, चित्रं उभी ठेवा. बबल रॅप वापरलात तर बुडबुडे बाहेरच्या बाजूला, नाहीतर गोल ठसे उमटतात. एसटीनं न्यायची असतील तर चारही कोपऱ्यांना पुठ्ठा, वरून दोरी.

जलरंगाला काच लागते, पण कागद काचेला टेकता कामा नये. पावसाळ्यात दमट हवेनं तो चिकटतो, बुरशीचे ठिपके येतात. मध्ये माउंटबोर्डची (जाड पुठ्ठ्याची) चौकट घाला. मागे साधी प्लाय लावली तर वाळवी बघत राहा, आणि फ्रेम मातीच्या भिंतीला थेट टेकवू नका.

हॉलमध्ये चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ सेंटीमीटरवर. खिळ्याची उंची वेगळी निघते: १४५ मध्ये फ्रेमची अर्धी उंची मिळवा आणि ताणलेली तार फ्रेमच्या वरच्या कडेपासून जितकी खाली असते तितकं वजा करा. २० चित्रं लावू नका, १२ पुरे. दाटीवाटीत एकही दिसत नाही.

पळसफूल
आभार. दोन गोष्टी अजून अडतात. नातेवाईक फुकट मागतात. आणि गावात २४०० देणार कोण?

सातबारा
दुसऱ्या प्रश्नाचं आधी. दिवाळीनंतरची वेळ बरोबर आहे, पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा पैसा हाती असतो. हेच प्रदर्शन जूनमध्ये भरवलं असतं तर लोक बघून जातील, पैसा सगळा बी-बियाण्यात गुंतलेला.

तरी प्रत्येक जण २४०० देणार नाही, हे धरूनच चला. टेबलावर तीन पायऱ्या ठेवा: ५० रुपयांचं पोस्टकार्ड, ३०० चा ए-४ प्रिंट, मग मूळ चित्र. ए-४ ला ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) साधारण २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात, १२ मेगापिक्सेलच्या फोनचा फोटो पुरतो. फोटो सकाळी, ओसरीच्या सावलीत, फ्लॅश बंद, फोन चित्राला समांतर. तिरपा धरला की चौकोनाचा पतंग होतो.

घासाघीस झाली तर मूळ चित्राचा भाव तोडू नका, सोबत पोस्टकार्ड द्या. क्यूआर कोड छापून टेबलावर चिकटवा, पावतीपुस्तक आणि सुटे पैसे ठेवा.

नातेवाइकांना: 'काकू, चित्र विकायला काढलंय, तुमच्यासाठी पोस्टकार्ड माझ्याकडून.' हसून सांगा, पण कारणं देऊ नका. कारण दिलं की त्यावर उत्तर येतं.

ऑर्डर घ्याल तेव्हा अर्धी रक्कम आगाऊ, आणि किती वेळा बदल करून देणार ते लिहून. एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते: तयार चित्र विकलं तरी कॉपीराइट तुमच्याकडेच राहतो, पण पैसे घेऊन ऑर्डरनं काढलेल्या चित्राचा किंवा पोर्ट्रेटचा, करारात वेगळं नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो (कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७). प्रिंट पुढे विकायचे असतील तर 'कॉपीराइट चित्रकाराकडे' अशी ओळ लिहा आणि गिऱ्हाइकाची सही घ्या.

तुराटी
सातबाराभाऊंशी सहमत, एक जोड: तान्हा पोळा सोडू नका. लेकरांच्या लाकडी बैलांना रंग देऊन मागणारे घरोघरी असतात, आणि तिथं अनोळखी माणसाला भाव सांगायचा सराव होतो. मात्र लाकूड वाळलेलं घ्या, ओलं असलं तर पोळ्याआधीच तडे जातात. १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा, प्राइमर द्या. पोरं शिंगं तोंडात घालतात, म्हणून रंग शिसं नसलेलाच.

हॉलमध्ये खुर्चीवर बसून मोबाइल पाहू नका, आणि माणूस आत आल्याबरोबर त्याच्या मागे लागू नका. तो एखाद्या चित्रापाशी थांबला की त्या चित्राबद्दल दोन वाक्यं: काय आहे, कशानं काढलंय. 'हे सप्टेंबरातलं वावर, पहिल्या बोंडाच्या वेळचं. सुरीनं रंग ओढलाय.' बारा चित्रांची अशी चोवीस वाक्यं आधीच वहीत लिहून ठेवा.