रुबी सी एक्स्टेन्शन: पोस्टपोन्ड जॉब वापरून क्रॅश थांबले, पण इव्हेंट गळतात आणि उशिरा येतात

माणिक_पुणे

नमस्कार मंडळी. वजनकाट्याच्या एका सी लायब्ररीवर रुबीचं जेम (रुबीचं पॅकेज) लिहितोय. रुबी ३.३, लिनक्स, वर प्युमा (वेब सर्व्हर) आणि रेल्स. लायब्ररीचा सोर्स मिळत नाही, हेडर आणि डॉट एसओ फाइल एवढंच हातात आहे. ती स्वतःचा एक पीथ्रेड सुरू करते, सिरियल पोर्ट वाचत बसते आणि वजन स्थिर झालं की आपण दिलेलं सी फंक्शन कॉल करते. म्हणजे आपला कॉलबॅक अशा थ्रेडवर चालतो ज्याचा रुबीला पत्ताच नाही. तिथून रुबीचा ब्लॉक थेट बोलावता येत नाही कारण जीव्हीएल (एका वेळी एकाच थ्रेडला रुबी चालवू देणारा लॉक) आपल्याकडे नसतो, आणि आरबी_थ्रेड_कॉल_विथ_जीव्हीएल ने तो मागायला गेलं तर "कॉल्ड बाय नॉन रुबी थ्रेड" असं छापून प्रोसेसच बंद होते.

म्हणून पोस्टपोन्ड जॉब वापरून काम पुढे ढकलायचं ठरवलं, म्हणजे रुबी तिच्या सोयीने ते नंतर चालवेल. आरबी_पोस्टपोन्ड_जॉब_रजिस्टर ३.३ मध्ये डेप्रिकेट झालंय त्यामुळे नवीन जोडी घेतली, एक्स्टेन्शन लोड होताना एकदाच प्रीरजिस्टर, मिळालेला हँडल ग्लोबलमध्ये, आणि कॉलबॅकमधून फक्त ट्रिगर. वजनाचं स्ट्रक्ट एका ग्लोबल व्हेरिएबलमध्ये कॉपी करतो, जॉब चालला की तिथून वाचून युजरच्या ब्लॉकला देतो.

क्रॅश थांबले. पण गर्दीच्या वेळी, पोती पटापट काट्यावर चढत असताना, काही वजनं येतच नाहीत. आणि उलट सर्व्हर निवांत असला की काट्यावर आकडा दिसतो पण रुबीत पोचायला फार वेळ लागतो, कधीकधी तर कोणी ब्राउझरमध्ये पेज रिफ्रेश केलं की मगच वजन टपकतं. हा एपीआयचा बग आहे की माझी पद्धतच चुकीच्या जागी लावलीय? ट्रिगरच्या जागी दुसरं काय वापरतात लोक?

सी_कट्टा

बग नाही. ट्रिगर जे वचन देतं तेवढंच करतंय, तुम्हाला त्याच्याकडून त्याहून जास्त हवंय.

आधी आत काय होतं ते बघा. ट्रिगर केलं की व्हीएममध्ये (रुबी चालवणारं इंजिन) त्या हँडलचा एक बिट ऑन होतो आणि त्या क्षणी मेन रॅक्टरमध्ये (रुबी थ्रेडचा मुख्य गट) जो थ्रेड चालू असेल त्याच्या इंटरप्ट फ्लॅगमध्ये एक बिट ऑन होतो. झालं. मालॉक (मेमरी मागणं) नाही, लॉक नाही, म्हणूनच ते सिग्नल हँडलरमधूनही (सिग्नल आला की मध्येच चालणारं फंक्शन), कुठल्याही थ्रेडवरून, अगदी जीसी (मेमरीची साफसफाई) चालू असतानासुद्धा बिनधास्त कॉल करता येतं. मग व्हीएम तिच्या सोयीने, म्हणजे मेथडमधून परत येताना, लूप मागे उडी मारताना, ब्लॉकिंग कॉल संपल्यावर, हा फ्लॅग तपासते आणि तिथे तुमचा जॉब चालवते, जीव्हीएल हातात असताना आणि जीसीच्या बाहेर.

आता तुमची पहिली अडचण. बिट आधीच ऑन असेल तर पुन्हा ऑन करून काही वाढत नाही. दारावरची बेल कोणी दहादा वाजवली तरी आपण दार एकदाच उघडतो, तसंच. दोन तपासण्यांच्या मध्ये पाच वजनं आली तर जॉब एकदाच चालणार आणि ग्लोबलमध्ये फक्त शेवटचं वजन असणार. डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्पष्ट लिहिलंय की अनेक ट्रिगर मिळून एकच कॉल होईल. त्यात भर म्हणजे तुम्ही वाचत असतानाच तिकडून दुसरा थ्रेड त्याच स्ट्रक्टवर लिहीत असू शकतो, तेव्हा अर्धं जुनं अर्धं नवं वजन मिळणंही शक्य आहे आणि हे गळतीपेक्षा वाईट, कारण ते दिसत नाही.

दुसरी अडचण: फ्लॅग ऑन करणं म्हणजे झोपलेल्या थ्रेडला उठवणं नव्हे. सगळे रुबी थ्रेड सॉकेटवर किंवा स्लीपमध्ये अडकले असतील तर फ्लॅग तपासणार कोण? कोणीतरी रिक्वेस्ट पाठवली, एक थ्रेड उठला, त्याने फ्लॅग पाहिला, जॉब चालला. तुमचं पेज रिफ्रेश नेमकं हेच करतंय.

हा एपीआय मुळात सॅम्पलिंग प्रोफाइलरसारख्या (कोड वेळ कुठे घालवतो ते अधूनमधून टिपणारं साधन) गोष्टींसाठी आहे. स्टॅकप्रॉफसारख्या जेममध्ये सिगप्रॉफ सिग्नल येतो, तिथे धड काहीच करता येत नाही म्हणून नोंदणीचं काम पुढे ढकलतात. प्रोफाइलरला एखादं सॅम्पल मागेपुढे झालं तरी चालतं, आणि सीपीयू वेळ मोजत असाल तर प्रोसेस झोपलेली असताना सॅम्पलच नको असतं. तुम्हाला मात्र एकेक वजन हवंय आणि लगेच हवंय.

अजून एक, आणि माझ्या मते हेच सगळ्यात महत्त्वाचं. समजा वरच्या दोन्ही गोष्टी तुम्ही कशातरी सोडवल्या, तरी पोस्टपोन्ड जॉबमधून युजरचा ब्लॉक चालवू नका. तो जॉब कुठल्या थ्रेडच्या कुठल्या ओळीवर घुसेल हे तुमच्या हातात नाही. तो थ्रेड एखादा म्युटेक्स (लॉक) धरून बसलाय आणि तुमच्या ब्लॉकला तोच म्युटेक्स हवाय असं झालं तर थ्रेडएरर येणार, आणि जॉबच्या आतून उडालेलं एक्सेप्शन वर कोणाला दिसतही नाही, आतल्या आत गिळलं जातं. महिन्यातून एकदा एक वजन गायब आणि लॉगमध्ये अक्षर नाही, असला बग शोधताना माणूस रडकुंडीला येतो.

तुम्हाला तीन वेगळ्या गोष्टी लागतात: डेटा ठेवायला जागा, उठवायची सोय, आणि ब्लॉक चालवायला आपला स्वतःचा रुबी थ्रेड. जागेसाठी सीमध्ये एक रिंग बफर, म्हणजे ठरावीक आकाराची गोल रांग. उठवायला पाइप, एका टोकाने लिहायचं, दुसऱ्याने वाचायचं. आणि थ्रेड तर रुबीतच थ्रेड न्यू करून, जो पाइपवर वाचायला बसेल. कॉलबॅक रिंगमध्ये स्ट्रक्ट टाकतो, पाइपमध्ये एक बाइट लिहितो, बस. राइट हा सिस्टम कॉल पोझिक्सच्या (युनिक्सचं मानक) यादीत सिग्नलमध्येही चालणारा आहे त्यामुळे उद्या कोणी तो सिग्नलमधून कॉल केला तरी काळजी नाही. या सगळ्यात पोस्टपोन्ड जॉब कुठेच लागत नाही.

निशिगंधा_र

वरच्या उत्तराशी पूर्ण सहमत. दुसऱ्या रनटाइममध्ये हाच प्रश्न कसा सोडवलाय ते बघितलं की चित्र जास्त स्वच्छ होतं.

नोडच्या (जावास्क्रिप्ट) खाली लिबयूव्ही ही इव्हेंट लूपची लायब्ररी आहे, तिथे यूव्ही_असिंक_सेंड. तेही अनेक कॉल एकत्र करून एकच कॉलबॅक देतं, पण लूपला उठवतं, म्हणून तिथे उशिराचा त्रास होत नाही, गळतीचा होतो. म्हणून नोड एपीआयमध्ये थ्रेडसेफ फंक्शन नावाची वेगळी गोष्ट आहे ज्यात स्वतःची रांग असते. पायथनमध्ये पाय_ॲड_पेंडिंग_कॉल आहे, त्यात खरीखुरी रांग आहे पण छोटी, भरली की उणे एक परत येतं आणि तो तपासायची जबाबदारी आपली. तिथेही मेन थ्रेड एखाद्या सिस्टम कॉलमध्ये अडकला असेल तर तो सुटेपर्यंत थांबावं लागतं, म्हणजे तुमचाच आजार. पायथनच्याच असिंकआयओचं कॉल_सून_थ्रेडसेफ मात्र रांगेत टाकतं आणि आतल्या सॉकेटच्या जोडीवर एक बाइट लिहून लूपला उठवतं. शेवटी सगळे त्याच पाइपवर येतात, फक्त कोणी ते आत झाकलंय आणि कोणी नाही.

आता पाइप आणि रिंगमध्ये क्रम नीट ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी पुन्हा इथेच याल. लिहिणाऱ्याने आधी रिंगमध्ये टाकायचं, मग बाइट लिहायचा. वाचणाऱ्याने आधी पाइप रिकामा करायचा, मग रिंग. वाचणाऱ्याने उलट केलं, म्हणजे आधी रिंग रिकामी केली आणि मग पाइप, तर मधल्या फटीत आलेल्या वजनाचा बाइट तुम्ही खाऊन टाकता, वजन रिंगमध्ये पडून राहतं आणि पुढचं पोतं चढेपर्यंत कोणी बघत नाही. योग्य क्रमाने फार तर एखादी फुकटची जाग येते, रिंग रिकामी सापडते, काही बिघडत नाही.

पाइपची लिहिणारी बाजू नॉनब्लॉकिंग ठेवा. लिनक्सवर पाइपमध्ये साधारण ६४ केबी मावतं, तेवढे बाइट साठले आणि राइटने ईअगेन (आत्ता जागा नाही) दिलं तर ते सरळ सोडून द्या, कारण उठवायचा निरोप आत आहेच. पाइप हा निरोप आहे, डेटा रिंगमध्ये. ही दोन कामं मिसळू नका.

रिंग भरली तर काय करायचं ते मात्र आत्ताच ठरवा, किती वजनं टाकून दिली त्याचा आकडा ठेवा आणि तो रुबीतून वाचता येऊ द्या. व्यापाराच्या वजनात गुपचूप गळती चालत नाही.

माणिक_पुणे

दोघांचेही मनापासून आभार, उशीर का होतो ते आता नीट डोक्यात शिरलं. रिंगबद्दल एक विचारतो. लॉकफ्री (लॉकशिवाय) लिहायचं म्हणजे सी११ चे ॲटॉमिक, अक्वायर, रिलीज हे सगळं आलं आणि मला त्यात तितका आत्मविश्वास नाही. साधा पीथ्रेड म्युटेक्स लावला तर चालेल का, की जीव्हीएलसोबत डेडलॉक होईल?

सी_कट्टा

चालेल, आणि तुमच्या केसमध्ये मी तोच लावेन. म्युटेक्स वर्ज्य आहे तो सिग्नल हँडलरमध्ये, कारण ज्या थ्रेडने लॉक धरलाय त्यालाच सिग्नल मध्येच थांबवतो आणि मग तो स्वतःचीच वाट बघत बसतो. तुमचा कॉलबॅक वेगळ्या पण साध्या थ्रेडवर आहे, तिथे म्युटेक्स बिनदिक्कत वापरा. लॉकफ्री लिहून इंटेलवर सगळं गोड चालतं आणि एआरएम मशीनवर गेलं की आठवड्यातून एकदा कचरा वजन येतं, कारण इंटेलचा प्रोसेसर मेमरीचा क्रम बराच सांभाळून घेतो, एआरएम तेवढा घेत नाही. वजनकाट्याच्या वेगाला लॉकफ्रीची गरजही नाही.

फक्त म्युटेक्स धरलेला असताना रुबीचं काहीही करू नका. स्ट्रिंग बनवणं, ॲरेत ढकलणं, काही नाही. ॲलोकेशनमध्ये जीसी सुरू होऊ शकतं आणि तेवढा वेळ तिकडे सिरियल पोर्ट वाचणारा थ्रेड ताटकळतो, आणि त्याहून वाईट म्हणजे एक्सेप्शन उडालं तर लॉंगजम्प होऊन (फंक्शन मध्येच सोडून उडी) तुमची अनलॉकची ओळ चालतच नाही, लॉक कायमचा अडकला. म्हणून लॉक घ्या, स्ट्रक्ट स्टॅकवरच्या ठरावीक आकाराच्या ॲरेत कॉपी करा, लॉक सोडा, मग निवांत रुबी ऑब्जेक्ट बनवा. तसंच कॉलबॅकच्या बाजूला व्हॅल्यू टाइपला (रुबी ऑब्जेक्टला) हातही लावायचा नाही, फक्त सीचे आकडे.

युजरचा ब्लॉक कुठल्या सी ग्लोबलमध्ये ठेवत असाल तर तो जीसीकडे आरबी_जीसी_रजिस्टर_ॲड्रेसने नोंदवा. ब्लॉक रुबीच्या बाजूलाच इन्स्टन्स व्हेरिएबलमध्ये ठेवलात तर तोही प्रश्न मिटतो.

रेल्स_नाशिक

प्युमा क्लस्टर मोडमध्ये (एक मास्टर, अनेक वर्कर प्रोसेस) असेल तर फोर्ककडे, म्हणजे प्रोसेसची प्रत बनण्याकडे, लक्ष द्या. फोर्क झाल्यावर चाइल्डमध्ये फक्त फोर्क करणारा थ्रेड उरतो, तुमचा पाइपवाला थ्रेडही जातो आणि लायब्ररीचा पीथ्रेडही जातो, पण पाइपचे डिस्क्रिप्टर मात्र दोघांकडे राहतात, मग वर्करमध्ये नवा थ्रेड त्याच पाइपवर बसवला की मास्टरचा बाइट भलताच वर्कर वाचून मोकळा होतो. आम्ही काटा वगैरे उघडायचं काम वेगळ्याच प्रोसेसमध्ये टाकलं आणि वर्करना रेडिसवरून (मेमरीत डेटा ठेवणारा सर्व्हर) वजन पाठवतो, तसंही सिरियल पोर्ट एकाच प्रोसेसने उघडलेला बरा. ते शक्य नसेल तर वर्कर बूट झाल्यानंतरच सगळं सुरू करा, किंवा जेममध्येच रुबी ३.१ पासून आलेला प्रोसेसचा _फोर्क हुक धरून चाइल्डमध्ये जुनं मोडून नवीन बांधा.

आणि सिगटर्मवर (प्रोसेस बंद करायचा सिग्नल) काटा बंद करायला ट्रॅप (सिग्नलसाठी रुबीचा ब्लॉक) लावणार असाल तर त्यातही हाच ढकलण्याचा प्रकार आहे. ट्रॅपचा ब्लॉक खऱ्या सिग्नल हँडलरमध्ये चालत नाही, नंतर मेन थ्रेडवर चालतो, पण तरी मेन थ्रेडच्या कुठल्याही ओळीवर घुसतो म्हणून रुबी २.० पासून तिथे म्युटेक्स लॉक करायला बंदी आहे. लॉगरने लिहायला गेलात की "कान्ट बी कॉल्ड फ्रॉम ट्रॅप कॉन्टेक्स्ट" येतं. ट्रॅपमध्ये क्यूत एक सिम्बॉल पुश करा किंवा पाइपमध्ये बाइट लिहा आणि बाकी सगळं बाहेरच्या थ्रेडला करू द्या.

सी_कट्टा

बंद करण्यावरून आठवलं, तिथेही क्रम पाळा. आधी लायब्ररीला कॉलबॅक काढायला सांगा आणि तिचा थ्रेड खरंच थांबलाय याची वाट बघा, मगच पाइप बंद करा. वाट बघताना आरबी_थ्रेड_कॉल_विदाउट_जीव्हीएल मध्ये बघा, म्हणजे तेवढा वेळ बाकीचे रुबी थ्रेड अडत नाहीत. आधी पाइप बंद केलात तर तो डिस्क्रिप्टर नंबर लिनक्स लगेच दुसऱ्या कोणाला देऊ शकतं, एखाद्या डेटाबेस कनेक्शनला समजा, आणि मग काट्याचा उशिरा आलेला कॉलबॅक त्याचा बाइट थेट त्या कनेक्शनमध्ये लिहितो. तुमच्या हेडरमध्ये थांबवण्याचं फंक्शन थ्रेड संपेपर्यंत ब्लॉक होतं की लगेच परत येतं ते बघून इथे टाका, लगेच परत येत असेल तर पाइप बंदच न करता प्रोसेस संपेपर्यंत उघडा ठेवणं हा सुरक्षित मार्ग.

माणिक_पुणे

हेडरमधल्या कॉमेंटप्रमाणे ते लगेच परत येतं आणि शेवटचा एक कॉलबॅक नंतरही येऊ शकतो असं लिहिलंय. मग पाइप उघडाच ठेवतो. काट्याची प्रोसेस वेगळी काढायचं नाशिककरांचं म्हणणंही पटलं, तसंच करतोय. म्युटेक्सवाली रिंग आणि पाइपचा कोड झाला की याच धाग्यात टाकतो, पाइप आणि रिंग रिकामी करायचा भाग तेवढा डोळ्याखालून घाला.