मदत हवी आहे: गुळवेलीवरच्या अळीचा हा पतंग नेमका कोणता?

गुळवेलीवरची काळपट अळी बरणीत ठेवली होती. डोकं मुडपून, शेपूट वर करून बसायची. अंगावर दोन्ही बाजूंना डोळ्यांसारखे ठिपके, बघणारा दचकावाच! तिने पानं रेशमाने जोडून आतच कोष केला. आता पतंग बाहेर आलाय. पंख मिटले की हुबेहूब वाळकं पान, मधल्या शिरेसकट. उघडले की मागचे पंख भडक नारिंगी, काळी किनार आणि मध्ये स्वल्पविरामासारखा काळा डाग.

फळांत सोंड खुपसून रस शोषणाऱ्या युडोसिमा या पतंगांच्या गटातला, एवढं नक्की. त्यातल्या मटेर्ना जातीचा डाग गोल असतो, म्हणून तो बाद. मग फॅलोनिया की होमेना? पुढचे पंख जवळपास एकरंगी तपकिरी आहेत, म्हणजे नर समजायचा का? शिवाय मादी अंडी गुळवेलीवरच घालते की दुसऱ्या वेलीही चालतात? जाणकारांनी कृपया सांगा.