जर्मनीने अणुभट्ट्या बंद केल्या, चीन बांधत सुटलाय. अणुऊर्जेचं जगात नक्की चाललंय काय?

घाटकोपरकर:
मंडळी, माझं आजोळ राजापूर तालुक्यात, जैतापूरच्या बाजूला. गणपतीला गेलो की दरवर्षी तोच विषय, तिथला अणुवीज प्रकल्प होणार की नाही. 1650 मेगावॅटच्या सहा भट्ट्या, एकूण 9900, हे आकडे लहानपणापासून ऐकतोय. मामा म्हणतो जगाने हा नाद सोडला, जर्मनीने एप्रिल 2023 ला शेवटच्या तीन बंद केल्या. पण त्याच वर्षी डिसेंबरात दुबईच्या हवामान परिषदेत वीसहून जास्त देशांनी 2050 पर्यंत अणुऊर्जा तिप्पट करायचं जाहीर केलं. मग खरं कोणाचं धरायचं?

बोईसर लोकल:
अरे दोन्ही खरं आहे. तारापूरच्या अणुवीज केंद्रात आयुष्य काढलं मी, आता रिटायर. जगात आजही चारशेच्या वर रिअ‍ॅक्टर चालू आहेत, पण एकूण विजेत वाटा नऊ-दहा टक्के, नव्वदच्या दशकात तो सतराच्या पुढे गेला होता. कोळसा, गॅस आणि आता सोलर इतकं वाढलं की हे मागे पडलं. फुकुशिमाच्या अणुअपघातानंतर जपानने सगळे 54 बंद ठेवले, 2015 पासून त्यातले काही एकेक करून परत सुरू करतायत कारण गॅस विकत घेऊन घेऊन जीव मेटाकुटीला आला. भीतीचं म्हणशील तर आम्ही रोज छातीला रेडिएशन मोजणारा बॅज लावून आत जायचो, बाहेर येताना मॉनिटरवर हात-पाय ठेवायचे, तिथे क्लिअर मिळाल्याशिवाय गेटबाहेर पाऊल नाही. ती शिस्त टिकली तर मला या विजेची भीती वाटत नाही, आणि चालू असलेला चांगला प्लांट मुदतीआधी बंद करणं मला तरी चूक वाटतं.

कुर्ला साइट इंजिनीअर:
काकांशी सहमत, पण खरी अडचण बांधकामात आहे. जैतापूरला जे ईपीआर नावाचं मोठ्या अणुभट्टीचं फ्रेंच डिझाइन येणार म्हणतात ना, तेच फिनलंडमध्ये 2005 ला सुरू केलं आणि रेग्युलर वीज 2023 ला. फ्रान्सचं स्वतःचं फ्लामाँव्हील, 2007 ला काम सुरू, ग्रिडला जोडलं डिसेंबर 2024 मध्ये, मधे वेल्डिंग नापास झालं ते उकरून परत करावं लागलं. साइटवर रीवर्क म्हणजे काय ते आम्हाला विचारा, माणसं बसून, क्रेन बसून, आणि कर्जाचं व्याज मात्र रोज चालूच, वीज महाग होते ती तिथे. आता गंमत बघा, तेच डिझाइन चीनने ताइशानला साधारण नऊ वर्षांत चालू केलं. कोरियन लोकांनी अमिरातीत बाराकाला 2012 ला सुरुवात केली, 2024 पर्यंत चारही युनिट चालू. कारण तीच टीम, तेच कारागीर एकामागून एक तेच युनिट बांधतात, हात बसलेला असतो. फ्रान्स-अमेरिकेत मधली वीसेक वर्षं नवीन कामच जवळपास नव्हतं, मग वेल्डर आणणार कुठून?

चेंबूरची प्राजक्ता:
छोट्या एसएमआर भट्ट्यांचा फार गाजावाजा चाललाय म्हणून लिहिते, अमेरिकेतला पहिला मोठा एसएमआर प्रकल्प 2023 मध्ये खर्च वाढला म्हणून रद्द झाला. आपल्याकडे आत्ता कुठे 9 गिगावॅटच्या आसपास आहे आणि टार्गेट 2047 ला 100. मला आपले 700 मेगावॅटवाले रिअ‍ॅक्टर जास्त भरवशाचे वाटतात, गुजरातेत काक्रापारला झालेत ना तसे, उशीर झाला पण आपले लोक तेच परत परत बांधून शिकतायत. पण जमीन कोणाची जाते ते कोणी बोलत नाही. तारापूरच्या 3 आणि 4 नंबरसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावं उठली. मामांचा राग नुसता रेडिएशनचा नसणार.

घाटकोपरकर:
प्राजक्ताताई, अगदी बरोबर, मामाची आंब्याची कलमं आहेत तिथे. आणि दादा, मामा स्वतः वेल्डर आहे, फ्लामाँव्हीलचं त्याला आज रात्रीच फोन करून सांगतो. काका, पोफरणच्या लोकांना शेवटी काय मिळालं, आज ती माणसं कुठे आहेत, तुम्हाला माहीत असेल तर सविस्तर लिहा प्लीज. तो पहिला प्रश्न हाच विचारणार.