मिरजेचा दाखला, टोरांटोची बँक आणि अपॉस्टिल

बी-302: सर्वांना नमस्कार. आमचे सासरे जाऊन तीन महिने झाले. टोरांटोच्या बँकेत त्यांचे आणि माझ्या दिरांचे संयुक्त खाते आहे. मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स नोटरी करून आम्ही पाठवली होती, तिच्यावर अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून त्यावर घ्यायचे सरकारी प्रमाणन) नाही म्हणून बँकेने ती परत केली. महापालिकेत हे काम कोणत्या खिडकीवर होते?

ए-104: ताई, आपल्या महापालिकेत ते होणार नाही. मृत्यू जिथे होतो तिथेच त्याची नोंद होते. तुमचे सासरे अण्णासाहेब मिरजेच्या रुग्णालयात गेले, म्हणजे दाखला सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेचा. त्या मूळ दाखल्यावर आधी मुंबईच्या मंत्रालयातील गृह विभागाचे साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपॉस्टिल, असा क्रम आहे. परराष्ट्र मंत्रालय 2012 पासून नागरिकांकडून थेट कागद घेत नाही, अधिकृत संस्थांमार्फत घेते. अपॉस्टिलचे सरकारी शुल्क एका कागदाला 50 रुपये आहे आणि संस्थेचे शुल्क वेगळे, हे लक्षात ठेवूनच एजंटशी बोला.

सी-201: आमच्या जावयांना दुबईत असाच कागद द्यायचा आहे. हेच चालेल का?

ए-104: नाही. अपॉस्टिल 1961 च्या हेग करारातले आहे. भारतात तो 14 जुलै 2005 पासून आणि कॅनडात 11 जानेवारी 2024 पासून लागू आहे, पण संयुक्त अरब अमिराती त्यात नाही. तुम्हाला परराष्ट्र मंत्रालयानंतर त्यांच्या दूतावासाचा शिक्का घ्यावा लागेल आणि पुढे तिथल्या परराष्ट्र खात्याचाही.

बी-302: काका, आणखी एक अडचण आहे. पासपोर्टवर त्यांचे कागदोपत्री नाव आहे, पण रुग्णालयात फॉर्म आम्हीच घाईत भरला आणि सवयीने 'अण्णासाहेब' लिहिले. दाखल्यावर तेच आले. अपॉस्टिल झाल्यावर हा प्रश्न उरणार नाही ना?

ए-104: उरेल, आणि खरी मेख इथेच आहे. दाखल्यावरची सही कोणाची, ती कोणत्या अधिकाराने केली आणि शिक्का कोणाचा, एवढ्याचीच खात्री अपॉस्टिल देते. आतला मजकूर बरोबर आहे असे ते कुठेही म्हणत नाही, म्हणून चुकीच्या नावाच्या दाखल्यावरही ते रीतसर लागेल आणि बँक तो कागद पुन्हा परत करील. तेव्हा आधी मिरजेच्या निबंधकांकडे जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 च्या कलम 15 खाली दुरुस्तीचा अर्ज द्या, सोबत पासपोर्ट, आधार आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडा, आणि दुरुस्त दाखल्याच्या तीन-चार मूळ प्रती एकदमच घ्या. लॅमिनेशन मात्र करू नका. आपल्याकडे महत्त्वाचा कागद दिसला की तो प्लॅस्टिकमध्ये घालायची घाई फार, आणि त्यावर मग ना शिक्का बसतो ना अपॉस्टिलचे स्टिकर.

ए-401: आमच्या विमा कंपनीने मृत्यूचे कारणही मागितले होते. दाखल्यावर ते नव्हते.

ए-104: कलम 17 नुसार दाखल्यात कारण उघड करता येत नाही. विम्यासाठी रुग्णालयाचे वैद्यकीय प्रमाणपत्र वेगळे द्यावे लागते. बँकेने ते मागितले नसेल, तर ताईंनी स्वतःहून पाठवू नये.

बी-302: बँकेने मागितलेले नाही. उद्या सकाळी हे पासपोर्ट घेऊन मिरजेला जातील. महालक्ष्मी एक्सप्रेसने परवा मुंबईला जायचे आरक्षण केले होते, ते आता रद्द करते.