शिवाजी पेठेतलं वडिलार्जित घर विकायचंय, विसार (सौद्याची आगाऊ रक्कम) घेऊ का?

प्रश्न: घर वडिलांच्या नावावर, ते हयात नाहीत. वारस आई, आम्ही दोघं भाऊ, एक बहीण. गिऱ्हाईक 60 लाखांना तयार आहे.

उत्तर 1: जरा दमानं. आधी नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेचा (प्रॉपर्टी कार्डाचा) ताजा उतारा काढून वारस नोंद चौघांची लावा. घरफाळ्याची (घरपट्टीची) पावती म्हणजे मालकी नव्हे, घोळ बहुतेक इथंच होतो. बहीण हिस्सा सोडणार असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवं. नोटरी केलेला कागद चालत नाही. नाहीतर खरेदीपत्रावर तिचीही सही.

उत्तर 2: विसार 20,000 किंवा त्याहून जास्त रोखीनं घेऊ नका, घेतलेल्या रकमेएवढा दंड बसू शकतो. विसारपत्रात ताबा दिल्याचं लिहिलंत तर मुद्रांक शुल्क खरेदीपत्राएवढं लागतं. व्यवहार 50 लाखांच्या वर, म्हणजे घेणारा 1 टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) कापणार. तो चौघांच्या पॅनवर हिश्शाप्रमाणे भरायला लावा. सगळा एकाच्याच पॅनवर गेला की बाकीच्यांना कापलेला कर आपल्या करात वळता करून घेताना नाकी नऊ.

प्रश्नकर्ता: आईचं पॅनच नाही की!

उत्तर 2: मग आधी ते काढा. पॅन नसेल तर तिच्या हिश्शावर 20 टक्के कापतील.